उठाबशांसाठी सिक्वेन्सर

बायको गेल्यावर ज्येष्ठांचा व्यायामवर्ग मी एकट्याने घ्यायला लागलो. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मी आजवर फक्त पुढे उभा राहून हातपाय हलवत होतो. वर्ग ती चालवायची, कोपऱ्यात कीबोर्डवर बसून.

वाचनालयाच्या मागचा हॉल आम्हाला सकाळी तासभर मिळतो. लाकडी जमीन, घडीच्या खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. वर्गातला मुख्य व्यायाम म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि पुन्हा बसायचं. त्यासाठी तिने आठ सुरांची एक छोटी चाल बसवली होती. एका सुरावर उठायचं, पुढच्यावर बसायचं. आमच्या शिंपीणबाईंचा एक गुडघा ऑपरेशनने बदललेला आहे. त्यांना उठायला वेळ लागतो. त्या पूर्ण उभ्या राहीपर्यंत बायको पट्टीवरचं बोट उचलत नसे. बाकीच्यांना वाटायचं, चालच तशी आहे.

ती गेल्यावर वर्गातले एक निवृत्त बस कंडक्टर मोबाईलवर गाणी लावू लागले. गाणं कुणासाठी थांबत नाही. शिंपीणबाई अर्ध्या उठलेल्या असायच्या तेव्हा बाकीचे बसायला लागलेले असत. मग त्या बसूनच हात हलवायला लागल्या आणि पुढे येईनाशाच झाल्या. त्यांच्या मागोमाग त्यांच्या मैत्रिणीही गळल्या. हॉलचे व्यवस्थापक एक दिवस दारात उभे राहून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "टेबल टेनिसवाले केव्हाचे मागे लागलेत. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून ही वेळ त्यांना द्यावी लागेल."

मी तोंडाने आकडे मोजून पाहिले. मेहुणी वर्गाला येते. ती म्हणाली, "भाऊजी, हा व्यायाम वाटत नाही. तुरुंगातली कवायत वाटते."

"मग तू वाजव."

"आमच्या घरात सूर ताईला मिळाला. माझ्या वाट्याला नुसतं नाक आलं."

तिनेच सिक्वेन्सरचं काढलं. तिच्या शेजारी एकजण रात्रंदिवस कसलं तरी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो आणि ती त्याच्याशी भांडायला जाते. सूर आधी भरून ठेवायचे, मग यंत्र ते ओळीने वाजवतं, एवढं तिला भांडता भांडता कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती मला वाद्यांच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला.

"पहिलाच सिक्वेन्सर?"

"हो."

"कोणत्या प्रकारचं संगीत करता?"

"उठाबशा," मी म्हणालो.

त्याने मेहुणीकडे पाहिलं. तिने मान डोलावली, म्हणजे हे असेच आहेत. मी त्याला वर्गाचं सांगितलं. शिंपीणबाईंचं सांगितलं. बायकोचं सांगितलं नाही, पण ते मेहुणीने सांगून टाकलं.

पहिलं यंत्र चौकोनी बटणांचं होतं. बटण दाबलं की ते पेटायचं आणि उजेड ओळीने पुढे सरकताना त्या त्या बटणाचा सूर वाजायचा. मला ते लगेच समजलं. चार-चारचे गट, आमच्या व्यायामासारखेच. चाल भरली. मेहुणी म्हणाली, "तिसरा सूर वर." मी म्हणालो, खाली. तिने गुणगुणून दाखवलं. सूर नव्हता, पण बरोबर तीच होती. मी तो वर केला.

मग दुकानदाराचं स्टूल ओढलं आणि त्यावर उठबस करून पाहिली. मी शिंपीणबाईंसारखा सावकाश उठलो. उजेड दोन बटणं पुढे निघून गेला.

"वेग कमी करा," दुकानदार म्हणाला.

"मग कंडक्टर झोपतील. वेग ठीक आहे. फक्त उठताना थांबायला हवं."

"थांबवायचं बटण आहे ना." त्याने ते दाबलं. सूर कापल्यासारखा बंद झाला.

"हे बंद होणं झालं," मी म्हणालो. "थांबणं नाही. सूर चालू राहायला पाहिजे. आवाज बंद पडला की लोक खाली बसतात."

त्याने दुसरं यंत्र काढलं. मोठं, पडदा असलेलं. यात काय वाट्टेल ते होतं म्हणे. कोणता सूर किती लांब ठेवायचा ते आधी सांगून ठेवायचं, की झालं.

"हेच घ्या," मेहुणी म्हणाली. "ताईने घेतलं असतं तर मोठंच घेतलं असतं."

"आधी कसं सांगणार? थंडी असली की त्यांचा गुडघा आखडतो. रात्री झोप झाली नसेल तर आणखी वेळ. उद्या त्यांना किती वेळ लागेल, ते त्यांनाही माहीत नसतं."

"मग तुमच्या बायकोला कसं कळायचं?" दुकानदाराने विचारलं.

"ती बघायची."

खालच्या कप्प्यातून त्याने एक वापरलेलं यंत्र काढलं. आठ खुंट्या एका ओळीत, पडदा नाही, दिवे मिणमिणते. सोबत वायरला जोडलेलं पायाचं बटण.

"हे कुणी घेत नाही," तो म्हणाला. "स्वतःच्या वेगाने चालतंही. पण हा खटका फिरवला तर आपणहून पुढे जात नाही. पायाने बटण दाबलं की एक सूर. पुन्हा दाबेपर्यंत तोच. तुमच्याकडच्या कीबोर्डला वायर जोडलीत तर आवाजही त्यातूनच येईल."

"तिच्या कीबोर्डमधून?"

"हो, पट्ट्यांना हात न लावता."

मी आठही खुंट्या फिरवून चाल बसवली आणि पाय बटणावर ठेवून स्टुलावर बसलो. उठायला गेलो तसा पायावर भार आला, बटण दाबलं गेलं आणि पुढचा सूर वाजला.

मेहुणी हसत सुटली. "भाऊजी, तुमचा सूर तुमच्याआधीच उठला!"

मी बटण हातभर पुढे सरकवलं. उठलो, सरळ झालो, मग पाऊल पुढे टाकून दाबलं. जमलं. पण ते माझ्या वेगाचं झालं. मी वर्गाच्या पुढे तोंड करून उठबस करणार, पायाने बटण शोधणार आणि शिंपीणबाईंच्या गुडघ्याकडेही बघणार, हे तिघांचं काम होतं. मी स्टुलावर परत बसलो. दुकानदार बहुधा मोठं यंत्र पुन्हा पुढे करणार होता.

"ही वायर किती लांब मिळते?" मी विचारलं.

यंत्र लांब वायरसकट घेतलं. पुढच्या वर्गाला शिंपीणबाईंना आणायला मेहुणी गेली. काय बोलली ते मला माहीत नाही, पण त्या मैत्रिणींना घेऊनच आल्या. मी हॉलच्या कोपऱ्यातल्या कीबोर्डवरची चादर काढून घडी केली आणि यंत्र जोडलं. लांब वायर खुर्च्यांखालून नेली आणि बटण शिंपीणबाईंच्या खुर्चीपुढे ठेवलं.

"हे काय?"

"उठून झालं की दाबायचं. बसून झालं की पुन्हा दाबायचं."

"म्हणजे सगळ्यांसमोर माझा गुडघा वाजवायचा?"

"आधीही तोच वाजत होता," मी म्हणालो.

त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि बटण दाबलं.

पहिला सूर बायकोच्या कीबोर्डमधून आला. सगळे उठले. शिंपीणबाई सगळ्यांच्या मागून, मांड्यांवर हात न टेकता, सावकाश सरळ झाल्या आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं. दुसरा सूर. सगळे बसले. मी पुढे उभा राहून नेहमीसारखे हातपाय हलवत होतो.

दुसऱ्या फेरीत त्या बसल्या, पण पाय उचलेनात. कंडक्टर उठण्याच्या तयारीत पुढे वाकून अडकले होते.

"बाई, दाबा ना! कंबर गेली माझी."

"पुढे सरका, पुढे सरका करत आयुष्यभर लोकांना उभं ठेवलंत," शिंपीणबाई म्हणाल्या. "जरा तुम्हीही थांबा."

हॉल हसला. दारात व्यवस्थापक आले होते. त्यांच्या मागे बॅट घेतलेले दोघे, हॉल बघायला आलेले. व्यवस्थापकांनी खुर्च्यांवर नजर फिरवली आणि त्या दोघांना म्हणाले, "तुमच्यासाठी संध्याकाळचं काहीतरी बघू." ते गेले.

शेवटच्या फेरीत, उठायच्या सुरावर सगळे उभे होते. शिंपीणबाई निम्म्या उठल्या होत्या. सूर चालू होता. घाई कुणालाच नव्हती.