फ्रिजमधला कोश

आता सांगा, बाईंना कुणी सांगितलं होतं नको ते बोलायला? पण बालवर्गातली पिटुकली डबा उघडेना, दाराकडची नजर काढेना. तिची आई नर्स, दूरच्या शहरात नोकरीला गेलेली. बाईंचा जीव कळवळला आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, या कोशातून फुलपाखरू बाहेर येईपर्यंत आई येतेच की नाही बघ!"

झालं! रडं थांबलं, डबा चाटूनपुसून साफ.

कोश होता खिडकीतल्या काचेच्या बरणीत. लिंबाची पानं खाऊन टम्म झालेली अळी मुलांच्या डोळ्यांदेखत काडीला चिकटली, कात टाकली आणि तिचा हिरवागार कोश झाला. "आत झोपलीय का?" मुलं विचारायची. "झोपते कसली! पंख करतेय," बाई सांगायच्या. पिटुकली बरणीला नाक लावून एवढंच विचारायची, "झाले?"

मग एके दिवशी तिच्या बाबांनी बाईंना फाटकात गाठलं. "हिच्या आईची रजा रद्द झाली हो. आता कधी मिळेल, देव जाणे. पोरीला सांगायचा धीर होत नाही."

खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? छे! गारठ्यात कोश उशिरा उघडतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. उचलली बरणी आणि ठेवली शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. वर्गाला सांगितलं, त्याला जरा शांतता हवीय. पिटुकली मात्र मधल्या सुट्टीत हटकून यायची. बाई फ्रिज उघडून दाखवायच्या. हल्ली तिचा प्रश्न बदलला होता. "अजून नाही ना?" ती विचारायची, आणि बाईंनी मान हलवली की उड्या मारत जायची.

एका संध्याकाळी शाळेतल्या मावशींनी फ्रिज धुवायला काढला. "माझ्या भाजीशेजारी किडा! बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं म्हणत त्यांनी बरणी पुन्हा वर्गाच्या खिडकीत नेऊन ठेवली. पुढचे दिवस कडक उन्हाचे, आणि पुन्हा फ्रिजला हात लावू देतील तर त्या मावशी कसल्या!

व्हायचं तेच झालं. एका सकाळी वर्गात एकच कल्ला, "आलं! आलं!" ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू काडीला लटकलं होतं. पोरं एकमेकांच्या अंगावर चढून बघत होती. पिटुकली तेवढी दाराकडे तोंड करून उभी होती.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. लाजेनं त्यांना वर बघवेना. "चुकलं गं माझं. आईला रजाच नाही मिळाली. मी उगीच बोलून गेले."

पिटुकलीनं बाहीला नाक पुसलं. मग बाईंच्या कानाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "बाई, आता अंडंच आणा. अळी फार लवकर मोठी होते."