वेळेआधीची लाल रेघ

कचेरीच्या आवक-जावक खिडकीपुढे तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. हातात अर्ज, पुढे रांग आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. खिडकी पाचला बंद होते असे पाटीवर लिहिलेले असते. पण पाचला सात-आठ मिनिटे कमी असतानाच आतला माणूस शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवतो, लाल शाईची रेघ ओढतो आणि मान वर न करता म्हणतो, "उद्या या."

आपल्या गोष्टीतला कारकून असाच होता. माणूस वाईट नव्हता बरे! कुणाचा पैसा खाल्ला नाही, अक्षर मोत्यासारखे, रजेचा अर्जसुद्धा समास सोडून लिहायचा. घाई फक्त त्या रेघेची. कचेरीत त्याला 'रेघवाले' म्हणत आणि त्याला त्याचे कौतुकच वाटे. "ज्याला गरज असते तो वेळेत येतो," तो म्हणायचा. "शेवटी येणाऱ्याला शिस्त नसते."

आणि देवाची लीला पाहा, शेवटी येणारे माणूस त्याच्याच घरात होते!

त्याची बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. दिवसभर उभ्याने कात्री चालवून पाठ धरायची, म्हणून चाळिशीनंतर ती कारखान्यामागची टेकडी चढू लागली. चढता चढता पळू लागली. पळता पळता एक दिवस डोंगरवाटेच्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून आली. सकाळी सहाला निघायचे, संध्याकाळी सहाच्या आत पोहोचायचे. गेल्या वर्षी ती पोहोचली तेव्हा सहाला अकरा मिनिटे कमी होती. एकशे बारा जण पोहोचले, त्यांत ती एकशे बारावी.

तो निकालाचा कागद कुणीतरी कचेरीच्या सूचनाफलकावर लावला आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली.

"काय हो रेघवाले," टायपिस्टने विचारले, "वहिनी घरी पोहोचल्या का, की गेल्या रविवारची शर्यत अजून चालूच आहे?"

"अहो, यांनीच खिडकीतून सांगितलं असेल वहिनींना," हेडक्लार्क म्हणाले, "उद्या या म्हणून!"

सगळी कचेरी हसली. कारकूनही हसला, पण कान तापले होते. घरी येऊन त्याने चपला काढायच्या आधी विषय काढला.

"पुढच्या वेळी अर्ध्यात सोडून दे."

"का बरं?"

"अर्ध्यात सोडलं तर लोक म्हणतात पाय मुरगळला असेल बिचारीचा. शेवटी आलं की हसतात."

"हसू देत की. मला पोहोचायचं असतं."

"तुला पोहोचायचं असतं आणि सोमवारी मला कचेरीत जायचं असतं!"

ती धुतलेले मोजे दोरीवर टाकत राहिली.

यंदा आयोजकांना शेवटच्या ठाण्यावर रजिस्टर सांभाळायला नीटनेटका माणूस हवा होता. बायकोने भोळेपणाने नवऱ्याचे नाव दिले. "यांचं अक्षर फार छान आहे," म्हणाली. नाही कसे म्हणणार? रविवारी सकाळी गडी एक्केचाळिसाव्या किलोमीटरवरच्या वनरक्षकाच्या जुन्या खोलीत जाऊन बसला.

खोली कसली, डबाच तो! वर तापलेला पत्रा, एक दार, एक खिडकी आणि तीही गंजून बंद झालेली. टेबलावर रजिस्टर, फोन, पाण्याचे कॅन. बाहेर एक ओढा आणि डोंगरात शिरणारी एकच वाट. तीन वाजेपर्यंत जो या खोलीतून पुढे निघेल त्याला शेवटचे नऊ किलोमीटर जाऊ द्यायचे, उशिरा येणाऱ्याला थांबवायचे, असा नियम होता.

दाराबाहेर दगडावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. डोंगरात वाट चुकू नये म्हणून शे-दीडशे पावलांवर फांदीला नारिंगी फीत बांधलेली असते. शेवटच्या धावणाऱ्यामागून चालत त्या फिती सोडून आणायच्या, रान जसे होते तसे ठेवायचे, हे सिस्टरचे काम. रजिस्टर बंद झाले की त्या निघणार. तोवर देवाचे नाव गुणगुणत बसल्या होत्या.

दोन वाजता फोन वाजला. पलीकडे हेडक्लार्क.

"अहो रेघवाले, आम्ही सगळे शेवटच्या रेषेपाशी येऊन बसलोय! टायपिस्ट आहे, आमची मंडळी आहे. घरून खुर्च्या आणल्यात. वहिनी येईपर्यंत हलणार नाही म्हटलं!" मागे हशा पिकला.

कारकुनाने फोन ठेवला आणि खोली आणखीच आकसल्यासारखी झाली. बाहेर पडावे तर रजिस्टर सोडता येत नाही. आत बसावे तर घड्याळ टिकटिकते आहे. वीस मिनिटांनी शेवटून दुसरा धावणारा पाणी पिऊन पुढे गेला. आता रजिस्टरात एकच घर रिकामे होते. नावनोंदणीतला शेवटचा क्रमांक, एकशे सतरा. बायकोचा.

ती आली नाही तर बरे, असे त्याच्या मनात आले. मग त्याला स्वतःचीच भीती वाटली. मग पुन्हा तेच मनात आले.

दोन अडतीसला त्याने पट्टी घेतली. एकशे सतरापुढे मोत्यासारख्या अक्षरात 'थांबली' असे लिहिले. खाली लाल रेघ ओढली आणि शेवटच्या रेषेपाशी फोन करून तेच कळवले.

"सिस्टर, निघा तुम्ही. रजिस्टर बंद झालं."

"अजून वीस मिनिटं आहेत ना?"

"मागच्या ठाण्यावरून फोन आला. शेवटची बाई तिथेच थांबली."

"बरं बाबा. देव तिचे पाय बरे करो," म्हणत सिस्टर उठल्या. पहिली फीत सोडून त्यांनी पिशवीत टाकली, मग दुसरी, आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

मायबापहो, खोटे बोलणे किती सोपे! आणि बोलून झाल्यावर त्याच्याबरोबर एका खोलीत बसणे किती अवघड! पत्रा कडकड वाजत होता. आठच मिनिटे झाली असतील, आणि बाहेरच्या खडीवर पावले वाजली. कारकून दाराकडे धावला. दार लोटून घ्यावे असेसुद्धा एक क्षण त्याच्या मनात आले. पण ती उंबऱ्यात उभी होती.

डोक्यावर नारिंगी टोपी, गुडघ्यांना चिखल, ओठांवर वाळलेल्या घामाचे मीठ, एका बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली.

"अहो, पाणी द्या आधी. चौदा मिनिटं आहेत ना? मी रडत आले बरं का त्या उतारावरून. पण आले!"

घटाघटा पाणी पिऊन ती सही करायला वाकली. वाकलेलीच राहिली.

"हे तुमचं अक्षर आहे," ती म्हणाली.

"अगं ऐक..."

"मी कधी थांबले?"

"तुझ्याच भल्यासाठी केलं मी! खुर्च्या टाकून बसलेत तिकडे सगळे. तुला बघायला. हसायला! बारा तास मरमर करून तू जाणार आणि ते..."

"माझ्या भल्यासाठी?" तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "त्या लोकांना मी ओळखतही नाही हो. वाटेत पाय नाही म्हणाले की मी मनात म्हणत होते, पुढच्या खोलीत आपलं माणूस बसलंय."

कारकुनाला बसायला खुर्ची सापडेना. ती दारात गेली, वाटेकडे पाहिले.

"फिती कुठायत?"

त्याने टेबलावरची पट्टी उगाच सरळ केली. फिती सिस्टरच्या पिशवीत गेल्या होत्या आणि पुढचे नऊ किलोमीटर रान होते.

इतक्यात ओढ्याकडून हाक आली. "अगं ए नारिंगी टोपी! थांब, मी आले!" वळणावरून खाली पाहताना सिस्टरना वाटेवर टोपी हलताना दिसली होती. त्या तशाच माघारी फिरल्या होत्या. धापा टाकत आत आल्या, रजिस्टर पाहिले, बाईकडे पाहिले, मग कारकुनाकडे.

"फोन आला होता म्हणालास."

कारकुनाची मान खाली.

"ही कोण तुझी?"

"बायको."

"अरे देवा!" सिस्टर कॅनवरच बसल्या. "बाबा रे, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. शेवटच्या खाटेवरचा म्हातारा घास घ्यायला तासभर लावायचा. नव्या मुली म्हणायच्या, सिस्टर, ताट उचलू का? मी म्हणायची, त्याचं तोंड चालू आहे तोवर ताटाला हात लावायचा नाही. आपल्याला कंटाळा आला म्हणून कुणाचं जेवण संपत नाही."

"पण लोक हसतात हो सिस्टर! एकशे सतरात एकशे सतरावी! काय सांगू मी लोकांना?"

"हे सांग, की पहिला आला तो साडेपाच तासांत सावलीत जाऊन बसला. ही नऊ तास झाले, अजून उन्हात आहे. जास्त कोण चाललं? तुला कधी एवढा वेळ कुठल्या गोष्टीला चिकटून राहता आलंय का? नियमाने तीन वाजता थांबवलं असतंस तर मी ब्र काढला नसता. नियम सगळ्यांना सारखा. पण उरलेली मिनिटं तिची होती. ती तू घेतलीस. सांग, कुणाच्या अधिकाराने?"

घड्याळात दोन सत्तावन्न झाले होते. बायको विनवत नव्हती, रडत नव्हती. दाराला टेकून नुसती उभी होती, आणि ते उभे राहणे त्याला सोसवेना.

त्याने लेखणी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने रजिस्टरात खाडाखोड केली! 'थांबली' काट मारून खोडले, बाजूला लिहिले : 'आली, दोन शेहेचाळीस. चूक माझी.' आणि फोन लावला.

"शेवटचं ठाणं बोलतोय. एकशे सतरा चालू आहे. चालू आहे! मी मघाशी खोटं कळवलं. ती थांबली नव्हती, मीच... मला लाज वाटत होती म्हणून. हो, ती माझी बायको आहे. सगळ्यांना ऐकू गेलं तरी चालेल."

पलीकडे खुर्च्यांची कुरकुर झाली. हसले कुणी नाही.

"वळणापर्यंत ओढ्याकाठची एकच वाट," सिस्टर बायकोला म्हणाल्या. "पुढच्या फिती जागेवर आहेत. पळ पोरी!" दोन एकोणसाठला ती निघाली. मग त्यांनी पिशवी कारकुनाच्या गळ्यात अडकवली. "माझे गुडघे संपले. शेवटच्याच्या मागे कुणीतरी असावंच लागतं. तू जा."

"या बुटांनी?"

"मग काय, उद्या जातोस?"

तो निघाला. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपे, वर चढ, मागे फिरायची सोय नाही. पहिल्याच किलोमीटरला श्वास छातीत कोंडला, टाचा सोलल्या. पुढे ती, धड पळणे नाही, धड चालणे नाही, पण थांबणेही नाही. बसावेसे वाटे आणि समोर तिची पाठ दिसे. एकेक फीत सोडत तो ओढल्यासारखा चालत राहिला.

डोंगराच्या खांद्यावर तीन वाटा फुटत होत्या. तिन्ही सारख्याच रुळलेल्या. मधल्या वाटेवरच्या फांदीला नारिंगी फीत होती. ती पाहून बायको सरळ गेली. कारकुनाने फितीला हात घातला पण ती सोडवेना. ही नसती तर? सिस्टर मागे फिरल्या नसत्या तर?

"अगं!" तो ओरडला. "इथून तू कुठल्या वाटेनं गेली असतीस?"

ती मागे न पाहता म्हणाली, "काय माहीत! शोधत बसले असते अंधार होईपर्यंत. चला आता, बोलण्यात दम घालवू नका."

त्याच्या डोळ्यांना धार लागली. घोळक्यात पळणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, पावलांचा आवाज येतो. फितीची खरी गरज त्याला, ज्याच्या पुढे कुणी दिसत नाही. आणि आपण नेमकी तिचीच फीत सोडवली! खिडकीपुढच्या किती जणांची सोडवली असेल! कुणी गावाहून आलेला, कुणी आजारी माणसाला घरी ठेवून आलेला. मान वर करून आपण एकाचाही चेहरा पाहिला नाही!

सहाला चार मिनिटे असताना झाडी संपली. मैदानात बरेचसे लोक पांगले होते, पण खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांतली माणसे उभी होती. एकशे सतरावी रेषा ओलांडून गेली तेव्हा टायपिस्टने टाळ्यांना सुरुवात केली आणि त्याला थांबता येईना. ती मात्र कुणाकडे न पाहता वळली, रेषेवर उभी राहिली आणि झाडीकडे पाहू लागली.

झाडीतून कारकून लंगडत बाहेर आला. गळ्यात फितींनी फुगलेली पिशवी, एक बूट हातात.

"अहो रेघवाले," हेडक्लार्क ओरडले, पण आवाजात टोमणा नव्हता, "तुम्ही तर वहिनींच्याही मागे!"

"हो साहेब," कारकून म्हणाला, "आज सगळ्यांत शेवटचा मी!" आणि कितीतरी वर्षांनी तो मोकळा हसला. बायकोने हात पुढे केला. तो धरून त्याने रेषा ओलांडली.

सज्जनहो, शेवटी येणाऱ्याला हसण्याआधी एवढे लक्षात घेऊ या, की तो आपल्यापेक्षा जास्त वेळ वाटेवर आहे. खिडकी असो, वर्ग असो, दवाखाना असो की घर, जो अजून चालतो आहे त्याच्या नावापुढे 'थांबला' असे आपल्या हाताने लिहू नये. देवाने प्रत्येकाला सूर्य मावळेपर्यंतचा दिवस दिला आहे. दुसऱ्याचा दिवस दुपारीच बुडवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला कुणी दिलेला नाही.