अर्धी बंद, अर्धी चालू

मी एक जुनी, दोन खणांची, भांडी धुणारी मशीन आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा पहिल्याच वाक्याला डोळे पुसू लागतात. मी तसे करणार नाही. माझ्या अंगाला पोचे आले आहेत, माझा खालचा खण कायमचा बंद पडला आहे आणि वरच्या खणाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग बसला आहे. तो निघत नाही. निघावा असे मला वाटतही नाही.

माझा जन्म समुद्रापार एका कारखान्यात झाला. एकोणीसशे नव्याण्णव साल असेल. तोवर भांडी धुणाऱ्या मशीनला समोर एकच मोठे दार असे. ते खाली पडायचे आणि माणसाला त्याच्यावर ओणवे होऊन भांडी लावावी लागायची. मला घडवणाऱ्यांनी ते दारच काढून टाकले आणि टेबलाला असतात तसे एकावर एक दोन खण मला दिले. प्रत्येक खणाला त्याची वेगळी मोटर, वेगळी नळी, वेगळे बटण. वरचा काम करत असताना खालचा खुशाल आराम करू शकतो. या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता. आजही आहे.

माझी पहिली मालकीण रेवतीताई. तिचा नवरा श्रेयस डॉक्टर होता. परदेशात काही वर्षे काढून दोघे आपल्या गावी, कळमनुरीला परतले. श्रेयसने घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना सुरू केला आणि माझी रवानगी वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात झाली. घरात श्रेयसचे वडील व्यंकटराव होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माझ्यासमोर खुर्ची टाकून ते बसले तो दिवस मला चांगला आठवतो.

"रेवती, आधी मशीनच्या बाजूनं बोलतो," ते म्हणाले. "वाकावं लागत नाही. भांडी थोडी असली तर एकच खण लावता येतो, पाणी आणि वीज वाचते. खण उघडा राहिला तरी चालायची वाट अडत नाही. हे सगळं मान्य."

"मग झालं तर, बाबा!"

"थांब. आता दुसरी बाजू. हिच्यात परात मावत नाही. कुकर आडवा घालावा लागतो. तांब्यापितळेची भांडी काळी पडतात. आपल्या बोअरचं पाणी जड, सगळ्यावर पांढरा थर धरतो. शिवाय एकाच्या जागी दोन मोटरी, म्हणजे बिघडायला जागाही दोन. आणि बिघडली तर हात लावणारा माणूस नांदेडला तरी आहे का?"

रेवतीताई हसली. "तुमचं पारडं जड झालं, बाबा."

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याचा एकही शब्द खोटा नव्हता. परातीपुढे मी पहिल्याच दिवशी हात टेकले होते. पण खरे सांगू? मला राग आला. मी परात धुण्यासाठी जन्मलेच नव्हते. माशाला झाडावर चढता येत नाही म्हणून कुणी त्याला नापास करते का?

त्यात दिवसातले कितीतरी तास लाईट नसायची. रेवतीताई दवाखान्यात मदतीला जाऊ लागली. घरी पूर्वीपासून भांडी घासणाऱ्या बाई होत्याच. हळूहळू मला कुणी हात लावेनासे झाले. पुढच्या दिवाळीत साफसफाई निघाली आणि चौघांनी मला उचलून बाहेरच्या व्हरांड्यात ठेवले. वरच्या खणात रद्दी गेली आणि खालच्या खणात चपला. ज्या खणात मी परदेशी काचेचे पेले ओरखडा उमटू न देता धुतले होते, त्याच खणात आता चिखलाच्या चपला येऊन पडू लागल्या. आतून मी धुमसत होते, पण विजेवाचून माझ्या तोंडातून आवाज कसा निघणार?

दवाखान्यात गर्दी झाली की मागचे पेशंट वर व्हरांड्यात येऊन बसत. एके दिवशी रुख्मिणीबाई आली. कळमनुरीजवळच्या एका तांड्यावरची ही बाई. नवरा आजारपणात गेलेला. त्यानंतर थोरल्या दिराच्या, हिरासिंगच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू असताना तिचा उजवा हात मळणी यंत्रात गेला. मनगटापुढे काही उरले नाही. श्रेयसनेच तिची जखम बरी केली होती. पुढे ती तांड्यावर थांबली नाही. बसस्थानकासमोर एक अरुंद गाळा घेऊन तिने खानावळ काढली. बेबीबाई नावाची तिची मैत्रीण भाकरी थापायची, आणि पिठलं, वरण, भाजी रुख्मिणीबाई डाव्या हाताने करायची. तिच्या हाताला चव अशी होती की मास्तर लोक आणि कंडक्टर घरचा डबा विसरायचे.

त्या दिवशी तिला पदराने वारा घेता घेता माझा खण अर्धवट उघडा दिसला. तिने डाव्या हाताने तो आत ढकलला. मग बाहेर ओढला. पुन्हा आत ढकलला.

"डॉक्टरीणबाई, हे काय हाय वो?" तिने विचारले.

"भांडी धुवायची मशीन आहे," रेवतीताई म्हणाली. "आता नुसतीच पडून आहे."

रुख्मिणीबाई उठून उभीच राहिली. "धुते? आपली आपण?"

व्यंकटराव आतून आले. भला माणूस तो, तिची फसगत होऊ नये म्हणून त्यांनी माझे सगळे दोष एका दमात तिला ऐकवले. परात, पाणी, लाईट, दोन मोटरी. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"तुमी म्हणता ते समदं बराबर हाय, काका," ती म्हणाली. "आता माझी तकलीफ सांगते. रांधायला मला एक हात पुरतो. पण ताट घासायचं तर एका हातानं धरू का घासू? बाया लावल्या, चार दिस येतात अन् निघून जातात. ताटाला खरकटं राह्यलं म्हणून गिऱ्हाईक उठून गेलं माझं. भाऊजी म्हणून राह्यलेत, खानावळ बंद कर, तांड्यावर चल, दोन भाकरी आमी घालू. ह्या खणाला एकच हात लागतो. मला दुसरं काय पाह्यजे?"

व्यंकटरावांना पहिल्यांदाच दुसरी बाजू सापडेना. रेवतीताईने त्याच दिवशी माझ्या पोटातल्या चपला बाहेर काढल्या. रुख्मिणीबाई मात्र मला फुकट न्यायला तयार नव्हती. दवाखान्यात कुणी परगावचा पेशंट असला की त्याला तिच्या खानावळीतला डबा बिनपैशांचा येईल, असे ठरवूनच तिने मला टेम्पोत चढवले.

खानावळीत तिने मला शहाबादी फरशीच्या ओट्यावर बसवले, म्हणजे खालचा खणही तिच्या कमरेशी आला. रेवतीताईने बटणे समजावून दिली आणि मशीनची खास पावडर दिली. ती लवकरच संपली. तेव्हा बेबीबाईने काय करावे? कपडे धुवायची पावडर ओंजळभर आत टाकली आणि बटण दाबले!

मित्रांनो, माझ्या खणांच्या फटींतून फेस निघू लागला. ओट्यावरून खाली, बाकांखालून, थेट रस्त्यावर. एक कंडक्टर ताट घेऊन बाकावर चढला. सगळी खानावळ हसत होती, आणि नेमका त्याच वेळी बाजाराला आलेला हिरासिंग दारात उभा राहिला.

"ही मशीन ताटं धुऊन राह्यली का ताक घुसळून राह्यली?" तो म्हणाला.

"ताकच घुसळून राह्यली," रुख्मिणीबाई म्हणाली. "बसा, पिऊन जा."

हिरासिंग हसला नाही. त्याचा चेहरा पडलेलाच असायचा. ज्या मळणी यंत्राने तिचा हात नेला ते त्याच्याच शेतातले होते, हे तो विसरला नव्हता. "रुख्मिणी, लोक हसून राह्यलेत. दे ही भंगारात अन् घरी चल."

"हसू द्या. हसता हसता जेवतेत ना? जेवू द्या."

त्यानंतर तिने मला शिकून घेतले आणि मीही तिला शिकून घेतले. खरी पावडर ती ओळखीच्या कंडक्टरकरवी नांदेडहून मागवू लागली. पाण्याचा पांढरा थर निघावा म्हणून किराणा दुकानातले लिंबूफूल, म्हणजे लिंबाचे आंबट सत्त्व, टाकून ती मला अधूनमधून रिकामीच फिरवायची. माझे अंग मोकळे व्हायचे. लाईट थोडाच वेळ राहणार असली की एकच खण भरायची, लवकर उरकायचे. दोन दोन तास चालणाऱ्या मोठ्या मशीनला ते जमले असते का, तुम्हीच सांगा. तिची मोठी ताटे माझ्यात उभी राहात नव्हती. लोक म्हणाले, मशीन बदल. तिने ताटे बदलली.

"रुख्मिणीबाई, ताट लहान केलंस की!" एक मास्तर कुरकुरले.

"ताट लहान हाय, गुरुजी. वाढणारा हात लहान न्हाई," असे म्हणून तिने त्यांच्या ताटात आणखी पिठलं घातले.

परात बेबीबाई घासायची. मी आणि परात, आमचे कधी जमले नाही. त्यात कसली लाज?

चांगली दोन-तीन वर्षे अशी गेली. माझ्यातून निघालेली ताटे आरशासारखी चमकायची, आणि उठून गेलेले गिऱ्हाईक परत आले. पुढे एका उन्हाळ्यात विजेचा दाब खालीवर होऊ लागला. एका दुपारी खालच्या खणातून जळका वास आला, एक घरघर झाली आणि तो थांबला. हिंगोलीहून पंपाच्या मोटरी दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. त्याने मला उघडले, आत डोकावून पाहिले आणि मान हलवली. व्यंकटराव म्हणाले होते तसेच झाले होते. बिघडायला दोन जागा, त्यातली एक बिघडली होती.

ही बातमी तांड्यावर पोचली. बाजाराच्या दिवशी हिरासिंग टेम्पो आणि भंगारवाला घेऊनच आला. भर जेवणाची वेळ होती, सगळे बाक भरलेले होते. भंगारवाल्याने माझ्या कडेला हात घातला. ओट्यावरून माझा एक कोपरा उचलला गेला. मला वाटले, संपले.

"खाली ठेव," रुख्मिणीबाई म्हणाली. चुलीवरची कढई उतरवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"रुख्मिणी, आता तरी ऐक," हिरासिंग म्हणाला. "अर्धी मशीन मेली. राह्यलेली कवा मरंल भरोसा न्हाई. बंद कर हे दुकान. आमी काय परके हावोत का? घरी बसून खाय."

"वरचा खण चालू हाय, भाऊजी."

"अर्ध्या मशीनचा काय उपयोग?"

रुख्मिणीबाईने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. तो ती कधी कुणापुढे काढत नसे. मनगटापाशी संपलेला तो हात तिने माझ्या वरच्या खणावर ठेवला.

"माझा हात गेला तवा मीबी अर्धीच राह्यले होते," ती म्हणाली. "मंग त्याच दिवशी मला काहून न्हाई घातलं भंगारात?"

हिरासिंगच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा आवाज मात्र उतरला नाही.

"तुमचा माझ्यावर राग न्हाई, माया हाय, हे मला कळते. पण तुमी मला पाहता तवा तुमाला गेलेला हातच दिसते. राह्यलेला दिसतच न्हाई. ह्या मशीनीनं अन् म्या मिळून रोज किती लोक जेवू घातले, कुणालाबी विचारा. ती एका खणावर चालंल. मी एका हातावर चालंन. तुमाला बघवत नसंल तर तिकडं तोंड करा."

भंगारवाला मुकाट्याने टेम्पोत जाऊन बसला. बेबीबाईने भाकरी थापता थापता नाक ओढले. हिरासिंगने पागोटे काढले आणि रिकाम्या झालेल्या एका बाकावर बसला.

"वाढ," तो म्हणाला.

तिने वाढले. तो मान खाली घालून जेवला. जेवून झाल्यावर खरकटे ताट हातात धरून अवघडून उभा राहिला, कारण तांड्यावर त्याने जन्मात स्वतःचे ताट उचलले नव्हते. तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. हिरासिंगने वरचा खण ओढला, ताट वाकडेतिकडे आत ठेवले आणि खण असा हळू लावला, जणू आत कुणी झोपले आहे. पुन्हा त्याने तिला घरी चल म्हटले नाही. दर बाजाराला तो जेवायला येतो, आणि आपले ताट स्वतः माझ्यात ठेवतो. अजून वाकडेच ठेवतो.

आज दोन हजार नऊ साल चालू आहे. माझा खालचा खण बंदच आहे. त्यात बेबीबाई कांदे ठेवते. वरचा मात्र रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. नव्या मशीन आल्या आहेत म्हणे, माझ्याहून मोठ्या, माझ्याहून शहाण्या. येऊ द्या.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मीही म्हणते. पण दया करून राखू नका. माझ्या नळीत अडकलेले खरकटे काढा, मला जड पाण्याचा थर धरू देऊ नका आणि मला काम द्या. तुमच्या घरात एखादी वस्तू किंवा एखादे माणूस अर्धे थांबले असेल, तर त्याच्यासाठी टेम्पो बोलावण्याआधी एकदा त्याच्या चालू बाजूला जाऊन उभे राहा. तिथे काय चालले आहे ते नीट बघा. आणि आता जरा बाजूला व्हा. दुपारची पंगत उठली आहे, लाईट आली आहे, आणि रुख्मिणीबाई ताटे घेऊन माझ्याकडेच येत आहे.