राजदूत नसलेली वर्षं

माझा विषय ऐकला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण का?" विषय आहे चिली देशातल्या जर्मन वकिलातींचा इतिहास. हॅम्बुर्गचे व्यापारी तिथे बसून कॉन्सुल म्हणून मिरवायचे तिथपासून ते एकाच गावात दोन जर्मनींचे दोन राजदूत एकमेकांना टाळत फिरायचे तिथपर्यंत. मी चित्रलेखा, मूळची पुण्याची, राहते मेलबर्नच्या क्लेटनमध्ये आणि लिहिते सांतियागोतल्या जर्मनांवर. यात विचित्र काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पुण्यात जर्मन शिकलेली मुलगी दर गल्लीत सापडते. बाकीच्या मुली कंपन्यांत भाषांतराला गेल्या, मी वकिलातींच्या मागे लागले, एवढाच फरक.

नोकरीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, मी एकेका सेमिस्टरच्या करारावर शिकवत होते. यंदा विभागात एक कायमची जागा निघाली आणि शेवटच्या निवडीपर्यंत माझं नाव पोहोचलं. आता निवड समितीपुढे एक लेक्चर द्यायचं होतं. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला, गुरुदत्तला, देशाच्या पार उत्तर टोकाला असलेल्या डार्विन शहरातल्या एका हॉस्पिटलमधून नोकरीचं बोलावणं आलं. तो हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करतो आणि त्याचं इथलं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपणार होतं. मला जागा मिळाली तर क्लेटन, नाहीतर डार्विन. डार्विनबद्दल माझ्या मनात काही नाही, पण तिथे मी काहीतरी वेगळं काम धरलं असतं आणि माझं पुस्तक अर्धंच राहिलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

"शुक्रवारपर्यंत कळवायचंय त्यांना," गुरुदत्त म्हणाला. "तुझं लेक्चर मंगळवारी, रिझल्ट गुरुवारी. बसतंय सगळं."

"बसतंय काय? नाही मिळाली तर शुक्रवारी खोकी आणायची आहेत."

"आई, चिल," आमची शिवांगी फोनमधून मान न काढता म्हणाली. "यू ऑल्वेज विन आर्ग्युमेंट्स."

पोरीचं म्हणणं खोटं नाही. पण ही वादावादी घरातली नव्हती.

लेक्चरच्या आधी विभागप्रमुख रोझलिंड यांनी मला कॉफीला बोलावलं. बाई मनाने चांगल्या, आणि चांगल्या माणसाशी भांडता येत नाही हीच पंचाईत. त्या म्हणाल्या, तुझी राजदूतांची साखळी फार सुरेख आहे, तेवढीच सांग. ती मधली रिकामी वर्षं काढून टाक. समितीला सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट आवडते.

ती रिकामी वर्षं म्हणजे त्र्याहत्तर सालानंतरची. त्या सप्टेंबरात चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. पश्चिम जर्मनीचा राजदूत जागेवर राहिला. पूर्व जर्मनीने संबंध तोडले, आपला राजदूत माघारी बोलावला आणि मागे राहिलेला कारभार फिनलंडच्या वकिलातीवर सोपवला. राजदूतांच्या यादीत तिथून पुढे पूर्व जर्मनीच्या रकान्यात नुसती रेघ आहे. मला ती रेघच लिहायची होती. मी रोझलिंडबाईंना "विचार करते" म्हटलं. मराठी माणसाचं "विचार करते" म्हणजे नाही, हे त्यांना कुठून कळणार?

रविवारी गुरुदत्त गॅरेजमध्ये इस्त्री करत होता. मी त्याच्यासमोर उभी राहून अख्खं लेक्चर म्हणून दाखवलं.

"कळलं काही?"

"नावं नाही कळली," तो म्हणाला. "पण राजदूत नसतात तो भाग काढू नकोस. तिथे तुझा आवाज बदलतो."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी म्हटलं. मी चिडले की असंच बोलते.

मंगळवारी मी काहीही न गाळता बोलले. आवाज कापला नाही, वेळ चुकली नाही. मग समितीतले ग्रॅहम म्हणून एक गृहस्थ पुढे सरकले. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, प्रश्न विचारताना चष्मा काढणारे. ते म्हणाले, "राजदूत नाही, झेंडा नाही, संबंध नाहीत. मग या वर्षांत तुम्ही नेमका कशाचा इतिहास लिहिताय?"

या प्रश्नाचं विद्वत्तापूर्ण उत्तर मी पाठ करून आले होते. ते जिभेवर आलंच नाही. डोळ्यांपुढे आली ती कुंपणापलीकडची आमची ग्रीक शेजारीण, कॅलिओपी.

"आमच्यात एक पद्धत आहे," मी सुरुवात केली. "घराला कुलूप लावून गावाला जायचं तर देव शेजारी पूजेला द्यायचे. देव बिनपूजेचे ठेवायचे नाहीत. गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याला निघालो, तर ओळखीची सगळी मराठी घरं आधीच भारतात पोहोचलेली. सासूबाई फोनवर हटून बसल्या. शेवटी मी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा शेजारच्या कॅलिओपीच्या हातात दिले. रोज पाणी घालायचं, फूल वाहायचं, दिवा लावायचा, साखर ठेवायची, एवढंच सांगितलं. तिने त्यांना आपल्या मेरीमातेच्या शेजारी ठेवलं नाही, वेगळा पाट दिला. म्हणाली, हे तुमचे आहेत, मी फक्त सांभाळणार. तो महिनाभर आमचं घर बंद होतं, पण आमची पूजा बंद नव्हती. मी त्याचा इतिहास लिहितेय."

ग्रॅहमनी चष्मा परत घातला.

"आणि एक," मी म्हटलं. आता मला कुणी थांबवू शकलं नसतं. "कॅलिओपी रोज बागेतलं बेझिलचं पानही वाहत होती. मी सांगितलं नव्हतं. तिच्या चर्चमध्ये ते पवित्र मानतात, म्हणून तिने आपल्या मनाने वाहिलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, ती तुळशीचीच बहीण की! फिनलंडलाही पूर्व जर्मनीची घरं आणि कागद तेवढे सांभाळायला सांगितलं होतं. लष्कराच्या भीतीने जीव वाचवायला माणसं दारात आली, तेव्हा त्यांना आत घेतलं गेलं. सोपवलेल्या कामाच्या पलीकडे माणूस जे करतो ते राजदूतांच्या यादीत मावत नाही. म्हणून ही वर्षं मी काढणार नाही. ती काढली तर माझ्याकडे नुसती नावं उरतात, आणि नावं कुणीही जमवेल."

शेवटचं वाक्य रोझलिंडबाईंकडे बघून बोलले. उद्धटपणा झाला असेल, पण मागे घेतला नाही. त्यांनी डोळे कागदात घातले.

ग्रॅहमनी विचारलं, "परत आल्यावर तिने देव लगेच दिले?"

"दिले. देताना रडली. पण तिच्याकडे परत मागायला निदान आम्ही तरी होतो. पूर्व जर्मनी हा देशच पुढे नकाशावरून गेला. ज्याने सोपवलं तोच उरला नाही, तर सांभाळणाऱ्याने काय करायचं? ते माझं शेवटचं प्रकरण आहे."

मी पाणी प्यायले आणि बाहेर आले. मला वाटलं, आपलं आपण मस्त बोललो आणि नोकरी घालवली. तरीही वाईट वाटेना.

गुरुवारी दुपारी रोझलिंडबाईंचा फोन आला. जागा माझी होती. "माझा सल्ला ऐकला नाहीस ते बरं केलंस," त्या हसत म्हणाल्या. मी आभार मानले, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच दोन्ही हात वर करून ओरडले.

मग गुरुदत्तला फोन लावला. "मिळाली! ऐकतोयस का? मिळाली! आता डार्विनला नकार कळव, उद्या शेवटची तारीख आहे."

पलीकडून तो म्हणाला, "कळवलंय."

"कधी?"

"सोमवारी."

माझं लेक्चर मंगळवारी होतं. मी खुर्चीवर बसले. "वेडा आहेस का तू? जूनमध्ये तुझं काम संपतंय. मला नसती मिळाली तर काय करणार होतास?"

"दुसरं काम बघितलं असतं. यंत्रं काय, सगळीकडे बिघडतात. पण तुला रविवारी गॅरेजमध्ये ऐकलं आणि कळलं, ही बाई हे सोडून कुठे जाणार नाही. आणि मीही नेणार नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी घाबरून बोलली असतीस."

मला इतका राग आला की रडायलाच लागले. कुठे आर्ग्युमेंट जिंकायची सवय, आणि हे मी न भांडताच हरले होते. युनीने मला गुरुवारी निवडलं. माझ्या घरात ती निवड सोमवारीच झाली होती, आणि एक मलाच त्याचा पत्ता नव्हता.