आठ कोटी अठ्ठ्याण्णव लाख

बाबांना बायकोचा वाढदिवस आठवायचा नाही, पण आठ कोटी अठ्ठ्याण्णव लाख नऊ हजार नव्याण्णव हा आकडा ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगायचे. दरीवरच्या रोपवेची चार दातेरी चाकं हे त्यांचं निवृत्तीआधीचं शेवटचं काम. एकोणनव्वद, सत्त्याण्णव, एकशे एक आणि एकशे तीन दात्यांची चाकं. चारही मूळ संख्या, एकीचं दुसरीशी देणंघेणं नाही. त्यांचा गुणाकार म्हणजे तो आकडा. पहिल्या दिवशी बाबांनी प्रत्येक चाकाच्या एका दात्यावर छिन्नीने खूण ठोकली आणि ते चार दाते जुळवून यंत्र सुरू केलं. तेवढे दाते सरकल्याशिवाय हे चौघे पुन्हा एकत्र येत नाहीत, म्हणून झीज सगळीकडे सारखी, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

त्यांच्या जागी आता त्यांची लेक होती. दुपारच्या सुट्टीत ग्रीस लावताना तिला एका खुणेखाली केसाएवढा तडा दिसला. तिने बाकीची चाकं पुसली. चारही खुणांखाली तडे होते. छिन्नीचा घाव वर्मी बसला होता.

तिने कळवल्यावर साहेब म्हणाले, रविवारी बघू. एक दाता कमजोर असला तर शेजारचे सांभाळून घेतात. चौघे एकदम भाराखाली आले तर मात्र धडगत नाही, पण एवढा आकडा संपायला कुणाचा जन्म पुरणार? लेकीलाही ते पटलं, आणि त्याचंच तिला पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

चार वाजता बाबा रोजच्यासारखे तिच्याबरोबर चहा प्यायला दरीपलीकडून रोपवेच्या पाळण्यात बसले. वारा सुटला होता. लेकीने सहज पहिल्या दिवसापासूनचे दाते मोजणाऱ्या मीटरची काच पुसली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाबांच्या आकड्याला जेमतेम सहाशे उरले होते. सेकंदाला दहा दाते, रोजचे दहा तास, अडीचशे दिवस. शाळकरी हिशेब होता आणि तो कुणीच केला नव्हता.

ती धावली. तिने लाल बटण दाबलं तेव्हा मीटरवर ८,९८,०९,०८७ होते. पाळणे दरीवर लटकत राहिले.

बाबांचा फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"किती राहिले?"

"बारा."

बाबांचा पाळणा फलाटाला लागायला अजून दोनशे दाते हवे होते. चाकं मागे फिरत नव्हती. पाळणे घसरू नयेत म्हणून तशी खिटी बाबांनीच बसवली होती. सुटकेची माणसं यायला दोन तास होते.

"छिन्नी मीच मारली, पोरी," बाबा म्हणाले. "ब्रेक धरलाय ना?"

धरलाय, असं ती म्हणणार होती. एवढ्यात वाऱ्याने दोर ओढला, यंत्रातून टक असा आवाज आला आणि मीटर एकाने पुढे गेलं.

"अकरा, बाबा," ती म्हणाली.