घडीतल्या अक्षता

मी टप बोलतोय. मोटारीच्या डोक्यावरचा कापडी, घडीचा टप. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. तुम्ही माझी कहाणी ऐकायला बसलात ती तरी कशासाठी, हा प्रश्न मला पडलेलाच आहे.

स्वभाव असा का झाला, ते ऐका. उघड्या मोटारीचा टप म्हणजे उन्हापावसात पुढे आणि मौजमजेत मागे. आभाळ भरून आलं की सगळ्यांना माझी आठवण. हवा छान पडली की मला दुमडायचं, मागच्या सीटच्या पाठीशी दाबायचं आणि चामडी पट्ट्यांनी करकचून बांधायचं. मग गाडीत जे काही चालतं ते माझ्या अपरोक्ष. हसण्याचे आवाज येतात, कशावरून हसले ते कळत नाही. असं जिणं वाट्याला आलं तर माणूससुद्धा संशयी होईल. मी तर कापड.

माझा जन्म विलायतेतला. काळं जाड कॅनव्हास, आत लोखंडी कमानी. बोटीतून मुंबईला उतरलो आणि पन्नास सालानंतर कधीतरी खोपोलीच्या एका कारखान्याच्या साहेबाकडे आलो. साहेबाचा ड्रायव्हर फार नेमाचा. ओला टप कधी दुमडायचा नाही, आधी पूर्ण वाळवायचा, हा त्याचा कायदा. ब्रशने धूळ काढायचा, कमानींच्या सांध्यांना तेल द्यायचा. मला वाटायचं, एवढी ऊठबस करतोय त्या अर्थी विकायचा बेत असणार. आणि झालंही तसंच. साहेब बदलून गेला आणि गाडी खालापूरच्या काळूरामने घेतली.

काळूरामचं कचेरीच्या रस्त्याला सायकलचं दुकान होतं, पण डोकं वरातीत होतं. त्या काळी नवरा-नवरी बैलगाडीतून मिरवायची, फार तर घोड्यावरून. उघडी मोटार कुणी पाहिली होती? काळूरामने ती भाड्याने द्यायला काढली आणि मिरवण्याचा एक नवाच प्रकार सुरू केला. सीट असताना जोडप्याला सीटवर बसवायचं नाही, दुमडलेल्या टपावर बसवायचं. म्हणजे मागच्या माणसालाही नवरी दिसते. चौक गावापासून कर्जतपर्यंत ज्याच्या घरी लग्न त्याला हेच हवं झालं. मी खाली, वर शालू आणि सूट.

गाडीची निगा दोघं राखत. माझी शिवण उसवली की काळूरामची बायको बायजा मेणाचा दोरा घेऊन बसे. वायरी बघायचा तिचा धाकटा भाऊ पोशा. तो पोशीरला राही आणि खोपोलीच्या कारखान्यात वायरमन होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, गाडीच्या दोन्ही अंगांना रंगीत दिव्यांच्या माळा लावायचा, फ्यूज तपासायचा.

फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली एक बारीक तार. वायरीत कुठे गडबड झाली की ती आधी जळते आणि गाडी वाचते. मला हा प्राणी कधी आवडला नाही. दुसऱ्यासाठी मुकाट्याने जळणाऱ्याच्या मनात काय असेल, कुणी सांगावं?

पोशाही मला आवडत नसे. त्याच्या खिशात वायर सोलायचा चाकू असायचा. आज ना उद्या हा माणूस तो चाकू मला लावणार, अशी माझी खात्री होती.

आता अक्षतांचं सांगतो. लग्नघरातून निघताना नवरा-नवरीच्या अंगावर अक्षता असतातच. वाटेत दारोदारच्या बायका ओवाळतात, आणखी टाकतात. सगळे तांदूळ घरंगळून माझ्या घडीत. पहिल्या वरातीनंतर बायजा केरसुणी घेऊन आली तर काळूरामने तिचा हात धरला.

“अक्षता झाडायच्या नाय. बरकत जाते.”

तेव्हापासून घडी कुणी उलगडली नाही की झाडली नाही. तांदूळ साठत गेले, वरातीही वाढत गेल्या, आणि काळूरामला वाटलं एकामुळे दुसरं. पोशा मात्र दर खेपेला म्हणायचा, “दाजी, टप उलगडून एकदा झटकू या. आत काय काय साठलंय.”

“तुला माझी बरकत का रं खुपते?” काळूराम विचारायचा. सुरुवातीला हसत विचारायचा, पुढे हसू गेलं.

कारण फ्यूज जळायला लागले. घरी गाडी उभी असताना सगळे दिवे लख्ख. वरात निघाली, जोडपं माझ्यावर टेकलं, बँड रंगात आला की फटकन दिवे गुल, हॉर्न मुका. वरमाया कपाळाला आठ्या घालायच्या. अपशकुनी गाडी म्हणून कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कर्जतला कुणीतरी वरातीसाठी उघडी जीप काढली आणि पोशाला त्या जीपवाल्याबरोबर चहा पिताना लोकांनी पाहिलं. झालं. फ्यूज पोशाच जाळतो, असं काळूरामच्या डोक्यात गणित सुटलं, आणि खरं सांगतो, माझ्याही डोक्यात तेच उत्तर आलं.

“त्याचा हॉर्न बिघडलेला, दाजी. तो बघाया गेलतो,” पोशा म्हणाला.

“उद्यापासनं माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाय,” काळूराम म्हणाला.

बायजा दारात उभी होती. तिचं माहेर म्हणजे हा एकच भाऊ. त्या वर्षी ती रक्षाबंधनाला एकटी एसटीने पोशीरला गेली आणि आल्यावर नवऱ्याशी कामापुरतंच बोलत राहिली.

पोशा गेला, तरी फ्यूज जळतच राहिले. शहाण्याने यावरून काही ओळखलं असतं. पण संशयाचं पोट कधी भरत नाही. काळूराम म्हणायचा, तो जाताना काहीतरी करून ठेवून गेलाय. मीही मनात म्हणायचो, नक्कीच. माझ्या घडीत अलीकडे काहीतरी सुळसुळायचं, शिवणींना खाज सुटायची. ते मी म्हातारपण समजलो.

मग पोशाच्या मुलीचं, जनाचं लग्न ठरलं. ही जना लहानपणी खालापूरला आली की पहिली धावत माझ्यावर चढून बसायची आणि म्हणायची, “आत्या, माझी वरात ह्याच गाडीतनं.” बायजाने तेव्हा हो म्हटलं होतं.

लग्न जवळ आलं तशी बायजा नवऱ्यासमोर उभी राहिली. “जनाची वरात ह्याच गाडीतनं निघल. नायतर मी पोशीरला जाते ती परत येणार नाय.”

काळूराम म्हणाला, “गाडी आणतो. पण पोशानं तिला बोट लावायचं नाय.”

निरोप पोचला. उत्तर आलं, “नाय लावत. जना बसली म्हंजे झालं.”

ऐन मेहुण्याच्या गावात दिवे गेले तर हसं होईल, ही काळूरामला धास्ती. निघायच्या सकाळी त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, जळक्या फ्यूजला घट्ट गुंडाळली आणि डब्यात बसवली. “आता जळ बघू,” म्हणाला. बरी जिरवली, असं मलाही वाटलं.

दिवस कलला तशी वरात पोशीरच्या देवळापासून निघाली. जना माझ्यावर बसली, शेजारी तिचा नवरा. माळा लागल्या त्या लागल्याच. काळूराम स्टिअरिंगवर ताठ बसला होता. पोशा शब्दाला जागून पार मागे, बायकांच्याही मागे चालत होता.

मला खालून चटके बसू लागले. कुठेतरी आत, कमानीखाली. मग धूर. लोकांना वाटलं फटाक्यांचा. पोशाला तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला आणि तो गर्दी फोडत धावत सुटला. त्याने जनाला हाताला धरून खाली ओढलं, जावयाला ढकललंच.

“बोट लावायचं नाय म्हनलं होतं ना,” काळूराम ओरडला.

पोशाने ऐकलं नाही. बॉनेट उघडून बॅटरीची वायर हिसडून काढली. दिवे गेले, बँड थांबला, तरी माझ्या पोटातला धूर थांबेना. पट्ट्या तापल्या होत्या, सुटत नव्हत्या. मग पोशाने खिशात हात घातला आणि तोच चाकू काढला.

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते झालं. त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं.

आतून तांदूळ पडले. ओंजळीच्या ओंजळी, हळदीकुंकवाचे, काळे पडलेले, अर्धे खाल्लेले. त्यांच्यामागून पेंढ्याचं आणि माझ्याच अस्तराच्या चिंध्यांचं धुमसणारं घरटं, आणि सैरावैरा पळणारे उंदीर. खाली मागच्या दिव्यांची वायर, कुरतडून उघडी पडलेली. वर कुणी बसलं की माझी कमान तिच्यावर टेकायची, एवढीच ती करणी. कुणीतरी हंडाभर पाणी ओतलं.

सगळं गाव बघत होतं. पोशाने फ्यूजचा डबा उघडला आणि चांदीची गुंडाळी तळहातावर घेतली.

“ही कुणी लावली, दाजी?”

“मी,” काळूराम म्हणाला. “तू काय करशील म्हनून.”

जनाच्या शालूचा काठ करपला होता. पोशाने एकदा त्या काठाकडे पाहिलं. “फ्यूज जळत व्हता तवर बरं होतं, दाजी,” तो हळूच म्हणाला. “तो जळून सांगत व्हता.”

काळूरामचं तोंड उतरलं. जना म्हणाली, मी चालत जाते. काळूरामने मान हलवली. त्याने डोक्याचा फेटा सोडला, मागच्या ओल्या सीटवर पसरला आणि म्हणाला, “बस गं पोरी. हितं सीटवर बस.” बायजा स्टिअरिंग धरून शेजारून चालू लागली. काळूराम मागे गेला आणि वाकून गाडी ढकलायला लागला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने पोशाने हात लावला. दोघांचे हात माझ्या फाटक्या कापडावर होते. मला दुखत होतं आणि मी रडलोही असतो, पण कापडाला ती सोय नाही. बँड पुन्हा सुरू झाला. अंधार पडायच्या आत वरात शिवेपर्यंत पोचली.

बायजाने मला शिवलं, पण माझी पुन्हा घडी झाली नाही. पुढे गाडी भंगारात गेली. आता ऐंशी साल उलटून गेलंय आणि मी पोशीरला पोशाच्या लाकडांवर पसरलेला असतो. पावसाळ्याआधी काळूराम येतो. म्हातारा झालाय, गुडघे धरून येतो. मग दोघे मेहुणे माझी टोकं धरून मला उन्हात झाडतात. काळूराम जरा जास्तच जोरात झाडतो.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात काही बिघडलं आणि कुणा माणसाचं नाव ओठावर आलं, तर आधी घडी उलगडून बघा. तुम्ही मान डोलावलीत, पण करालच याची मला खात्री नाही.

पोशाच्या हातात चाकू दिसला की माझी शिवण अजून आक्रसते. परवा असंच झालं. झाडताझाडता काळूरामला माझ्या जुन्या जखमेच्या टाक्यात अडकलेला एक तांदूळ दिसला, कुंकवाने लाल झालेला. तो नखाने काढू लागला, निघेना. त्याने पोशाकडे चाकू मागितला. पोशाने चाकू काढला, तांदळाकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या, दाजी. एक ऱ्हाऊ द्या.”

तो असं का म्हणाला, मला कळलं नाही. पण या खेपेला मी संशय घेतला नाही.