दोऱ्याचं ओलं टोक

मी तापाचा विषाणू बोलतोय. तोंड फिरवू नका हो, आता माझ्यात काही दम राहिलेला नाही.

मुळात मला जिवंत तरी कसं म्हणायचं? मी खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. वर एक पातळ वेष्टण आणि आत माझ्यासारखाच दुसरा कसा करायचा, एवढी माहिती. बस्स! शिंप्याकडे कपड्याचा कागदी नमुना असतो ना, तसा मी. मशीन नाही, कापड नाही. ते सगळं दुसऱ्याच्या पेशीकडून उकळायचं.

शिंपीणबाईंच्या घशात मी असाच झालो. माझ्यासारखाच कुणीतरी तिथल्या पेशीला चिकटला, आत शिरला आणि ती बिचारी स्वतःचं काम सोडून आमच्याच प्रती काढत बसली. ढिगाने. घाईचं काम, कितीतरी प्रती बिघडलेल्या निघतात. मी मेला नेमका धडधाकट निघालो.

बाई मोठ्या जपणाऱ्या. नवऱ्याला, म्हणजे टेलर मास्तरांना, जुना दमा. ताप चढताच त्या आतल्या खोलीत गेल्या. ताट वेगळं, पेला वेगळा, तोंडाला फडकं.

"अहो, आत पाऊल टाकू नका. तुमची तब्येत आधीच तोळामासा!"

"नाही येत गं. पण सुया कोण ओवणार? मला काय दिसतंय कप्पाळ!"

"ठेवा दारात. ओवून देते."

फडकं खाली करून त्या दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत, सुई ओवत आणि कापडाच्या तुकड्यात टोचून बाहेर ठेवत. मास्तर ती उचलत आणि कापड सारखं करेपर्यंत दोरा ओठांत धरत. जन्माची सवय.

अशाच एका टोकावर मी होतो. नको रे बाबा, असं ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला ना पाय, ना मर्जी. पेशी भेटली की चिकटायचं. आत शिरलो की आमचं वेष्टण सुटतं, आम्ही संपतो, उरतात त्या प्रती. त्यांतलाच एक मी आता बोलतोय. मास्तरांच्या छातीत आम्ही पेशीमागून पेशी खलास केली. मी त्यांच्या ओठांतून पुन्हा दोऱ्यावर आलो आणि ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

शेजारीण धावत आली. "किती जपलंत हो तुम्ही!"

"ताटसुद्धा वेगळं ठेवलं. मग शिरला कुठून मेला?"

मास्तरांच्या अंगावर शेवटचा घालायच्या कोटाला बटण नव्हतं. बाईंनी सुई घेतली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईच्या नेढ्यापाशी त्यांचा हात थांबला. त्या ओल्या टोकाकडे त्या बघतच राहिल्या.

"अगं बाई... मीच की काय?"

शेजारणीला काही उमगलं नाही. मला उमगलं. मी वाळत चाललोय, वेष्टण फाटलंय, थोड्या वेळाने नसेन. तुम्ही तरी त्यांना सांगा, त्यांनी फक्त सुया ओवून दिल्या. माझं त्यांना ऐकू जात नाही.